परिचारिकेची जबाबदारी : आज्ञापालनाकडून विवेकाकडे

रुग्णालयात डॉक्टर दिवसातून एकदा-दोनदा फेरी घालून जातात; रोग्याच्या उशाशी अष्टौप्रहर असते ती परिचारिका. औषधाची मात्रा तिच्या हातून दिली जाते, नाडीतला फरक प्रथम तिच्या बोटांना जाणवतो, आणि मध्यरात्री घाबरलेला रोगी हाक मारतो तोही तिलाच. असे असूनही तिच्या कामाकडे दीर्घकाळ केवळ हुकमाची अंमलबजावणी याच दृष्टीने पाहिले गेले. डॉक्टरांनी सांगावे आणि तिने करावे, अशी ही सरळ विभागणी होती. परंतु सांगणाऱ्याचीच चूक झाली तर? करणारीने ती निमूटपणे करावी, की हात आवरावा? आणि अनर्थ झाल्यास त्याचा जाब कोणी द्यावा? गेल्या शतकात या प्रश्नाचे उत्तर हळूहळू बदलत गेले. हा बदल कसा घडला हे पाहणे उद्बोधक आहे; कारण आज ना उद्या प्रत्येक कुटुंबाचा संबंध रुग्णालयाशी येतोच.

आधुनिक शुश्रूषेचा आरंभ फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्यापासून मानण्याची प्रथा आहे. क्रिमियाच्या युद्धात, १८५४ च्या नोव्हेंबरमध्ये, त्या ३८ परिचारिकांना घेऊन तुर्कस्तानातील स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात दाखल झाल्या. तेथील डॉक्टरांना हे आगमन मुळीच रुचले नव्हते. त्यांनी विनंती केल्याखेरीज आपल्या एकाही परिचारिकेने रोग्याला हात लावायचा नाही, असा दंडक बाईंनी घातला आणि डॉक्टरांना गरज भासेपर्यंत धीराने वाट पाहिली. शिस्तीचा हा धडा पुढे १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाने निघालेल्या शाळेतही गिरवला गेला. पण त्यांच्या शिकवणीला दुसरीही बाजू होती. शुश्रूषेवरील १८५९ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी सूक्ष्म निरीक्षणावर फार मोठा भर दिला, आणि आपण जवळ नसतानाही रोग्याची व्यवस्था बिनचूक चालेल अशी तजवीज करून ठेवणे हे परिचारिकेचे कर्तव्य ठरवले. हुकूम पाळणे आणि डोळे उघडे ठेवणे या दोन्ही गोष्टी त्यांनी शिकवल्या. पुढच्या पिढ्यांनी पहिली गोष्ट घट्ट धरली. दुसरीचा अर्थ कळण्यास मात्र बराच काळ जावा लागला.

अमेरिकेत डेट्रॉइट येथील परिचारिका-विद्यालयासाठी १८९३ साली एक प्रतिज्ञा रचण्यात आली. लिस्ट्रा ग्रेटर यांच्या नेतृत्वाखालील समितीने ती सिद्ध केली आणि नाइटिंगेलबाईंच्या सन्मानार्थ तिला त्यांचे नाव दिले. ती त्यांनी स्वतः लिहिलेली नव्हे. अपायकारक औषध जाणूनबुजून देणार नाही, रोग्याची व त्याच्या कुटुंबाची गुपिते जपेन आणि डॉक्टरांना निष्ठेने साहाय्य करीन, अशी वचने तीत होती. ती उच्चारताना कोणालाही विसंगती जाणवली नसेल. परंतु डॉक्टरांनी सांगितलेले औषधच अपायकारक असेल, तर यांपैकी कोणते वचन पाळायचे, याचा उलगडा प्रतिज्ञेत नव्हता. तो प्रसंग १९२९ साली फिलिपाइन्समध्ये आला.

त्या वेळी अमेरिकेच्या अमलाखाली असलेल्या या देशातील एका रुग्णालयात तेरा वर्षांच्या एका मुलीच्या टॉन्सिलची शस्त्रक्रिया व्हायची होती. शस्त्रक्रियागृहाची व्यवस्था लोरेन्झा सोमेरा या परिचारिकेकडे होती. जागा बधिर करण्यासाठी टोचावयाचे औषध म्हणून शल्यविशारदाने कोकेनचे दहा टक्क्यांचे द्रावण मागितले. सोमेरा यांनी तो हुकूम त्यांच्याकडून पुन्हा विचारून पक्का करून घेतला आणि द्रावण सिद्ध केले. इंजेक्शन देताच मुलीला झटके येऊ लागले आणि थोड्याच अवधीत ती मरण पावली. डॉक्टरांच्या मनात होते ते नोव्होकेन नावाचे सौम्य औषध. तोंडून गेले ते कोकेन. खटला उभा राहिला. डॉक्टर निर्दोष सुटले. परिचारिकेला मात्र निष्काळजीपणाने मृत्यूस कारण झाल्याबद्दल एक वर्ष आणि एक दिवसाच्या कारावासाची शिक्षा झाली, व सर्वोच्च न्यायालयानेही ती कायम केली. इतके तीव्र कोकेन टोचणे प्राणघातक आहे हे तिला ठाऊक असावयास हवे होते, असा या निर्णयाचा मथितार्थ होता.

देशोदेशींच्या परिचारिका या निकालाने हादरून गेल्या. त्यांच्या संघटनांनी निषेध नोंदवला आणि अखेर गव्हर्नर-जनरलांनी सशर्त माफी दिल्यामुळे सोमेरा यांचा तुरुंगवास टळला. निकालातील अन्याय उघड आहे. हुकूम देणारा सुटावा आणि पाळणारी अडकावी, हे कोणत्याही न्यायबुद्धीला पटणारे नाही. पण त्या अन्यायाच्या पोटात एक तत्त्व दडलेले होते, आणि ते नाकारता येण्यासारखे नव्हते. ज्या अर्थी परिचारिकेला औषधांचे शिक्षण दिले जाते, त्या अर्थी तिच्याकडून ज्ञानाची अपेक्षा केली जाणार. आणि जिला ज्ञान आहे तिला ‘मला सांगितले म्हणून मी केले’ एवढ्यावर सुटता येणार नाही. प्रश्न उरला तो एवढाच की, तिच्यावर ज्ञानाची जबाबदारी टाकणाऱ्या समाजाने तिला नकार देण्याचा अधिकार दिला होता काय?

त्या अधिकाराचा स्पष्ट उच्चार व्हायला आणखी चोवीस वर्षे लागली. परिचारिकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने १९५३ साली ब्राझीलमधील साओ पावलो येथे आपली पहिली आचारसंहिता मंजूर केली. डॉक्टरांच्या सूचना निष्ठेने पाळाव्यात हे तीत होतेच. पण त्या समजून-उमजून पाळाव्यात, आणि नीतीला सोडून असलेल्या कृत्यात भाग घेण्यास नकार द्यावा, हेही सांगितले होते. मधल्या काळात जर्मनीत मनोरुग्णालयांतील हजारो रोग्यांना ठार मारण्यात आले होते आणि त्या कृत्यांत परिचारिकांचेही हात गुंतले होते. वरिष्ठांच्या हुकमाची सबब युद्धानंतरच्या खटल्यांत त्यांच्याकडूनही पुढे करण्यात आली. तेव्हा नकाराचे ते एक वाक्य म्हणजे कागदी उपदेश नव्हता. त्याच्या मागे ताजा आणि भयंकर अनुभव उभा होता.

नीतीने जे सांगितले ते कायद्याने निराळ्या वाटेने सांगितले. अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात ५ नोव्हेंबर १९६० रोजी फुटबॉल खेळताना एका महाविद्यालयीन तरुणाचा पाय मोडला. रुग्णालयात त्यावर प्लास्टर चढवण्यात आले. लवकरच त्याची बोटे सुजली, काळसर पडली, थंड झाली आणि त्यांतील संवेदना गेली. प्लास्टर थोडेथोडे कापले गेले. पण रक्तप्रवाह कोंडला असल्याचे वेळेवर कोणी ओळखले नाही. सुमारे दोन आठवड्यांनी त्याला दुसऱ्या रुग्णालयात हलवले, परंतु अखेर गुडघ्याखाली आठ इंचांवर पाय कापावा लागला. डार्लिंग खटला या नावाने प्रसिद्ध असलेल्या या प्रकरणाचा निकाल १९६५ साली लागला आणि त्यात रुग्णालयाला जबाबदार धरण्यात आले. परिचारिकांनी बोटांची तपासणी पुरेशा वेळा करावयास हवी होती. धोक्याची चिन्हे दिसताच डॉक्टरांना कळवणे आणि त्यांनी लक्ष न दिल्यास रुग्णालयाच्या अधिकाऱ्यांपर्यंत जाणे, हे त्यांचे कर्तव्य होते, असे त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. सोमेरा प्रकरणात प्रश्न एका चुकीच्या कृतीचा होता. येथे तो गप्प राहण्याचा होता. पाहिले, पण सांगितले नाही. किंवा एकदा सांगितले आणि तेवढ्यावर स्वस्थ बसले, हीदेखील हयगय ठरू शकते, असा हा पुढचा टप्पा होता.

आठ वर्षांनी, १९७३ साली, आंतरराष्ट्रीय आचारसंहिता नव्याने लिहिली गेली. परिचारिकेची पहिली बांधिलकी जिला वा ज्याला शुश्रूषेची गरज आहे त्या व्यक्तीशी आहे, असे तीत नमूद झाले. डॉक्टरांचे हुकूम पाळण्याचे कलम गळून पडले. सहकारी असो वा अन्य कोणी, त्याच्यामुळे रोगी धोक्यात येत असेल तर त्याच्या रक्षणासाठी योग्य ते पाऊल उचलावे, असे कलम आले. डॉक्टर आणि परिचारिका यांच्यात वैर निर्माण करण्याचा हेतू यामागे नव्हता. दोघांचाही धनी रोगीच आहे, एवढीच साधी गोष्ट त्यातून मान्य झाली.

आपल्याकडील वाटचाल याच काळातील, पण तिच्या अडचणी वेगळ्या. परपुरुषाची शुश्रूषा करणे हे कुलीन स्त्रीला न शोभणारे काम, हा समज येथे खोल रुजलेला होता. पुण्यात १९०९ साली स्थापन झालेल्या सेवासदनाने रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली ससून रुग्णालयात परिचारिकांच्या शिक्षणाची सोय केली. अनेक मराठी स्त्रियांना, त्यांत विधवांनाही, स्वावलंबनाची एक प्रतिष्ठित वाट त्यामुळे खुली झाली. कायद्यानेही पावले टाकली. मद्रास इलाख्यात १९२६ साली आणि मुंबई इलाख्यात १९३५ साली परिचारिकांच्या नोंदणीचे कायदे झाले. १९४७ साली संपूर्ण देशासाठी भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा आला. महाराष्ट्राने १९६६ साली आपला स्वतंत्र कायदा केला. आणि संसदेने २०२३ साली परिचर्या व प्रसूतिविद्या यांसाठी राष्ट्रीय आयोग नेमण्याचा कायदा संमत केला. नोंदणी म्हणजे केवळ नोकरीचा दाखला नव्हे. या हातांना शिक्षण मिळाले आहे, अशी ती समाजाला दिलेली हमी असते.

ती हमी नसली म्हणजे काय होते, याचे उदाहरण दिल्लीत घडले. टायफॉइडने आजारी असलेल्या एका बालकाला १९९३ च्या डिसेंबरात तेथील एका खाजगी रुग्णालयात ठेवले होते. परिचारिकेने शिरेतून इंजेक्शन देताच त्याचे हृदय थांबले. प्राण वाचले, परंतु मेंदूला कायमची इजा झाली. इंजेक्शन देणारीची कोणत्याही राज्याच्या परिषदेत नोंदणीच नव्हती, असे चौकशीत आढळले. बालकाला साडेबारा लाख आणि आईवडिलांना पाच लाख रुपये देण्याचा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली कायम केला. येथे दोष एकट्या परिचारिकेच्या माथी मारून इतरांना मोकळे सोडले गेले नाही. स्वतः न देता तिच्यावर ते काम सोपवणारा डॉक्टर आणि तिला नेमणारे रुग्णालय हेही जबाबदार ठरले. सोमेरा प्रकरणानंतर सुमारे सात दशकांनी न्यायाचा काटा बराचसा समतोल झाला, असे यावरून म्हणता येईल.

मात्र तो पूर्ण समतोल झाला आहे, असे म्हणण्यास एक अडचण आहे. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास जुन्या दंडसंहितेच्या ३०४-अ या कलमान्वये सर्वांनाच जास्तीत जास्त दोन वर्षांची कैद होती. त्या संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमाने ही मर्यादा पाच वर्षांवर नेली; उपचार करताना नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकाच्या हातून मृत्यू घडल्यास ती दोन वर्षे ठेवली. पण या व्यावसायिकाची व्याख्या वैद्यक नोंदवहीतील डॉक्टरांपुरती आहे. परिचारिकेचे नाव असते परिचर्येच्या नोंदवहीत. म्हणजे एकाच खाटेपाशी, एकाच उपचारात दोघांची चूक झाली, तर कलमाच्या शब्दांप्रमाणे तिला संभवणारी शिक्षा त्याच्यापेक्षा अधिक आहे. हुकूम देणारा आणि तो पाळणारी यांच्यातील जुने अंतर असे नव्या कायद्यातही डोके वर काढते, याचा विचार कायदेपंडितांनी केला पाहिजे.

रोजच्या कामात या साऱ्याचा अर्थ काय? अर्थ अगदी साधा आहे. बाटलीवरील नाव आणि कागदावरील नाव ताडून पाहिल्याशिवाय औषध देऊ नये. तोंडी सूचना मिळाली तर ती परत म्हणून दाखवावी आणि लेखी करून घ्यावी. मात्रा संशयास्पद वाटली तर संकोच न करता विचारावे, आणि उत्तराने शंका फिटली नाही तर वरिष्ठांकडे जावे. जे पाहिले, जे केले आणि ज्यांना कळवले, ते वेळेसह केसपेपरवर लिहावे; कारण वर्षांनंतर न्यायालयात बोलतो तो कागदच. रोग्याचे दुखणे हे जिन्यातल्या गप्पांचा विषय होऊ देऊ नये. परंतु हे नियम सांगतानाच दुसरीही गोष्ट सांगितली पाहिजे. विचारणाऱ्या परिचारिकेचा जेथे पाणउतारा होतो, आणि रात्रपाळीला एकटीवर झेपणार नाहीत इतके रोगी जेथे सोपवले जातात, तेथे नियमांचा कागद भिंतीवरच राहतो. जबाबदारी मागणाऱ्याने ती पार पाडण्याची सवड आणि मुभाही दिली पाहिजे.

कायद्याची हद्द जेथे संपते तेथेही कर्तव्य संपत नाही, हे मुंबईच्या केईएम रुग्णालयाने दाखवून दिले. तेथील परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच क्रूर हल्ला झाला आणि मेंदूला इजा होऊन त्यांची जाणीव हरपली. त्यानंतर १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत, सुमारे बेचाळीस वर्षे, परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. त्यांना मरण येऊ द्यावे या मागणीचा अर्ज सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने तो फेटाळला. आणि त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार अर्जदाराचा नसून इतकी वर्षे त्यांना सांभाळणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे, असे मानले.

१९२९ साली एका न्यायालयाने परिचारिकेला, तू नकार का दिला नाहीस, म्हणून शिक्षा केली. २०११ साली दुसऱ्या न्यायालयाने परिचारिकांचे म्हणणे रोग्याच्या सर्वांत निकटच्या माणसांचे म्हणून ऐकले. परिचारिका ही कोणाच्या हातातील उपकरण नसून स्वतः जाणणारी, विचारणारी आणि उत्तरदायी व्यक्ती आहे, ही जाणीव या दोन निकालांच्या दरम्यान हळूहळू रुजली. ती टिकवणे हे एकट्या परिचारिकांचे काम नव्हे. रुग्णालये चालवणारे, डॉक्टर, कायदे करणारे आणि खाटेवर पडून तिची वाट पाहणारे आपण सर्व, यांचाही त्यात वाटा आहे.