खांद्याचा टेंडन दुखावला तर बरं व्हायला किती वेळ लागतो? ऑपरेशन करावंच लागतं का?

फळीवरचा डबा काढताना, वेणी घालताना किंवा लोकलमध्ये वरचं हँडल धरताना खांद्यात कळ येते. बरेच जण 'शीर दुखावली' म्हणून मालिश करून घेतात, तर काही जण 'फ्रोझन शोल्डर' असेल असं ठरवून मोकळे होतात. पण अनेकदा दुखणं 'रोटेटर कफ'चं असतं.

रोटेटर कफ म्हणजे काय?

खांद्याच्या सांध्यात दंडाच्या हाडाचा मोठा गोळा एका उथळ वाटीत बसलेला असतो. त्याला जागेवर धरून ठेवण्याचं काम चार स्नायू करतात. हे स्नायू ज्या चिवट दोऱ्यांनी हाडाला जोडलेले असतात, त्यांना टेंडन किंवा कंडरा म्हणतात. चारपैकी सर्वाधिक वेळा दुखावतो तो वरच्या बाजूचा, सुप्रास्पायनेटस.

पडल्यामुळे किंवा जड वजन झटक्यात उचलल्यामुळे टेंडन फाटू शकतो. वयानुसार तो झिजतोही. रंगारी, वायरमन, जलतरणपटू, गोलंदाज अशा सतत हात वर करणाऱ्यांना धोका जास्त असतो.

फ्रोझन शोल्डरपेक्षा वेगळं कसं?

फ्रोझन शोल्डरमध्ये सांधाच आखडतो. दुसऱ्याने हात उचलला तरी तो वर जात नाही. टेंडन फाटला असेल, तर दुसऱ्याच्या मदतीने हात बऱ्याचदा वर जातो, पण स्वतःहून उचलताना ताकद लागत नाही. त्या कुशीवर झोपल्यावर रात्री दुखणं वाढतं. नेमकं निदान डॉक्टरांची तपासणी आणि गरजेनुसार सोनोग्राफी किंवा एमआरआय यांवरून होतं.

मात्र रिपोर्टमध्ये 'टिअर' हा शब्द दिसला म्हणून लगेच घाबरू नये. साठीनंतर काहीही न दुखणाऱ्या खांद्यातही असे फाटे आढळतात.

ऑपरेशन कधी लागतं?

टेंडनला रक्तपुरवठा कमी असल्याने तो सावकाश भरून येतो. पूर्ण फाटलेला टेंडन सहसा आपोआप जुळत नाही. तरीही हळूहळू झिजून फाटलेल्या टेंडनचे अनेक रुग्ण व्यायामाने सावरतात, कारण आजूबाजूचे स्नायू बळकट होऊन काम वाटून घेतात. म्हणून अशा रुग्णांना साधारणपणे आधी काही आठवडे ते तीन महिने फिजिओथेरपी दिली जाते.

अपघातानंतर अचानक हात उचलणं बंद झालं, तर मात्र थांबू नये. उशीर झाला की टेंडन मागे खेचला जातो, स्नायू सुकत जातो आणि शिवणं अवघड होतं.

स्टिरॉइडच्या इंजेक्शनने काही काळ आराम पडतो, पण ते वारंवार घेतल्यास टेंडन कमकुवत होऊ शकतो.

बरं होण्याचे टप्पे

ऑपरेशननंतर साधारण ४ ते ६ आठवडे हात स्लिंगमध्ये ठेवावा लागतो. या काळात फिजिओथेरपिस्टच्या मदतीने किंवा दुसऱ्या हाताच्या आधाराने हलक्या हालचाली होतात. त्यानंतर हात स्वतः उचलायला सुरुवात होते. ताकदीचे व्यायाम साधारण १२ आठवड्यांनंतर येतात. जड काम किंवा खेळासाठी ६ महिने ते वर्षभर लागू शकतं.

सर्वाधिक घाई दुखणं कमी झाल्यावर होते. दुखणं थांबलं तरी टेंडन हाडाला पक्का चिकटलेला नसतो. अशा वेळी पाण्याची बादली उचलली, तर टाके सुटून टेंडन पुन्हा फाटू शकतो.

टेनिसपटू मारिया शारापोव्हावर ऑक्टोबर २००८ मध्ये रोटेटर कफची शस्त्रक्रिया झाली. एकेरीच्या सामन्यात ती मे २००९ मध्ये परतली, पण तिची सर्व्हिस बराच काळ अडखळत होती. २०१२ मध्ये तिने फ्रेंच ओपन जिंकली.

घरी काय काळजी घ्यावी?

- उताणं झोपताना कोपराखाली छोटी उशी ठेवावी.
- शर्ट घालताना दुखरा हात आधी घालावा, काढताना शेवटी काढावा.
- जोरात मालिश किंवा 'सांधा बसवून' घेणं टाळावं.
- ऑपरेशन झालेलं नसेल तर हात पूर्ण बांधून ठेवू नये, खांदा आखडतो.
- व्यायामानंतर थोडं दुखणं चालतं. ते दुसऱ्या दिवशीही वाढलेलं असेल, तर व्यायाम कमी करून फिजिओथेरपिस्टला सांगावं.
- मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवावी आणि धूम्रपान बंद करावं. दोन्हींमुळे टेंडन भरून यायला वेळ लागतो.

डाव्या खांद्यासोबत छातीत दुखत असेल, घाम येत असेल किंवा दम लागत असेल, तर ते हृदयविकाराचं लक्षण असू शकतं. अशा वेळी तातडीने रुग्णालय गाठावं.