लाल मिरचीचा रंग आणि भेसळ

नंदुरबार जिल्ह्यात ओली लाल मिरची विकत घेऊन ती पथारीवर, म्हणजे मोकळ्या मैदानावर, वाळवण्याची व्यापारी रीत रूढ आहे. मिरचीचा भाव रंगावर ठरतो आणि उन्हात व साठवणीत तो रंग उतरत जातो. उतरलेला रंग कृत्रिम रंगाने झाकण्याच्या मोहातच भेसळीचे मूळ आहे. सुदान-१ हा मेण व बुटांच्या पॉलिशसाठी वापरला जाणारा, तेलात विरघळणारा कृत्रिम रंग असून, प्रयोगांत त्यामुळे उंदरांच्या यकृतात गाठी आढळल्या. २००३ मध्ये फ्रान्समध्ये भारतातून आलेल्या मिरचीच्या पदार्थांत तो सापडला आणि २००५ मध्ये त्याच रंगामुळे ब्रिटनने चारशेहून अधिक खाद्यपदार्थ बाजारातून परत मागवले. भेसळ पुडीत सहज लपते; त्यामुळे अख्खी मिरची दळून आणण्याची घरगुती रीतच अधिक भरवशाची ठरते.