प्रतिभा कोणाची, आणि ओळखायची कोणी?

यवतमाळात ग्रंथप्रदर्शन भरले की त्यात एक फळी आता ठरलेली असते. मुलाची बुद्धी कशी वाढवावी, स्मरणशक्ती तल्लख कशी करावी, आपल्या घरात जन्मलेले अलौकिक मूल वेळीच कसे ओळखावे, हे सांगणारी पुस्तके तिच्यावर मांडलेली असतात. बरीचशी अनुवादित असतात. कवितासंग्रहांच्या फळीपाशी आम्ही चार प्राध्यापक घुटमळत असतो, तेव्हा या फळीपुढे आईबापांची दाटी असते. तालुक्याच्या गावाहून एस.टी.ने आलेले, खत-बियाण्यांच्या हिशेबातून दोनशे रुपये बाजूला काढलेले लोकही त्यांत दिसतात. त्यांना हसण्याचा अधिकार निदान मराठीच्या प्राध्यापकाला तरी नाही. प्रतिभा जन्मजात असते की घडवता येते, या एका प्रश्नावर काव्यशास्त्राचे किती तास आपण घेतले आहेत!

तासाला सांगितलेलेच थोडे आठवू. दंडीने नैसर्गिक प्रतिभेच्या जोडीला निर्मळ श्रुत आणि अखंड अभियोग यांना काव्याच्या कारणांत बसवले. एवढेच नव्हे तर प्रतिभा नसली तरी श्रमाने वाग्देवीची थोडीफार कृपा होतेच, असा दिलासाही दिला. रुद्रटाने प्रतिभेचे सहजा आणि उत्पाद्या असे दोन भाग केले. परंतु या सर्वांत मला राजशेखर जवळचा वाटतो, आणि तो केवळ त्याच्या काव्यपुरुषाचा विवाह विदर्भातल्या वत्सगुल्मात, म्हणजे आपल्या शेजारच्या वाशीममध्ये, लागला म्हणून नव्हे. ‘काव्यमीमांसे’त त्याने प्रतिभेची वेगळीच फोड केली आहे. एक कारयित्री, निर्माण करणाऱ्याची. दुसरी भावयित्री, जाणणाऱ्याची. या दुसरीवाचून कवीचा वृक्ष वांझ राहतो, असे तो म्हणतो. परीक्षेत विद्यार्थी या दोन संज्ञा पाठ करून लिहितात आणि आपण गुण देऊन मोकळे होतो. परंतु प्रतिभेचा निम्मा भार राजशेखराने प्रतिभावंताच्या डोक्यावरून काढून भोवतालच्या माणसांवर ठेवला, ही गोष्ट साधी नव्हे.

पश्चिमेकडील आधुनिक प्रतिभाविचाराने नेमका हाच भाग वगळला. फ्रान्सिस गॉल्टनने 1869 साली ‘हेरेडिटरी जीनियस’ लिहिले. न्यायाधीश, मुत्सद्दी, सेनापती, कवी यांच्या वंशावळी मांडून त्याने असा निष्कर्ष काढला की असामान्य बुद्धी रक्तातून उतरते. न्यायाधीशाच्या मुलाला वाडा, ग्रंथालय आणि ओळखीपाळखी हेही वारशानेच मिळतात, याकडे त्याने फारसे लक्ष दिले नाही. पुढे 1921 मध्ये लुईस टर्मनने कॅलिफोर्नियात बुद्धिगुणांकाच्या कसोटीवर 1,500हून अधिक मुले निवडली आणि त्यांचा आयुष्यभर मागोवा घेण्याचा प्रकल्प आरंभला. या प्रकल्पाची सर्वांत बोधप्रद कथा निवडल्या गेलेल्या मुलांची नाहीच. विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ ही दोन मुले त्या चाळणीतून खाली पडली होती. पहिल्याला 1956 साली आणि दुसऱ्याला 1968 साली पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळाले. निवडलेल्यांपैकी एकालाही ते मिळाले नाही.

दुसरी वाट मराठीत आली ती ताराबाई मोडकांच्या हातून, आणि तिचा एक धागा आपल्या वऱ्हाडातून गेलेला आहे, हे फारसे कोणी सांगत नाही. 1892 साली जन्मलेल्या, प्रार्थनासमाजी वळणाच्या घरात वाढलेल्या ताराबाई 1914 साली बी.ए. झाल्या आणि विवाहानंतर अमरावतीला आल्या. संसार टिकला नाही. लहानग्या मुलीला घेऊन त्यांनी अमरावती सोडली, राजकोटच्या स्त्री-अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्य झाल्या, आणि 1923 मध्ये ती प्रतिष्ठेची नोकरीही सोडून भावनगरला गिजुभाई बधेकांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत दाखल झाल्या. आपल्या मुलीला कसे वाढवावे, या विवंचनेतून त्या बालशिक्षणाकडे वळल्या, असे त्यांचे चरित्र वाचताना जाणवते. पुस्तकांच्या फळीपुढे उभ्या असलेल्या आईची जी विवंचना, तीच ही. ताराबाई मात्र आपल्या एका मुलापाशी थांबल्या नाहीत.

भावनगरात माँटेसोरींचे विचार मुरत होते. माँटेसोरीबाई प्रत्यक्ष भारतात आल्या 1939 साली. तोपर्यंत 1926 चा नूतन बालशिक्षण संघ, ‘शिक्षणपत्रिका’ आणि 1936 चे दादरचे शिशुविहार एवढी मजल ताराबाईंनी मारली होती. आज ‘माँटेसोरी’ ही पाटी भारी शुल्काच्या शाळांवर झळकते, पण त्या पद्धतीचे पहिले बालगृह 1907 साली रोममधल्या सान लोरेंझो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत उघडले होते, आणि त्याआधी बाईंचे प्रयोग ‘मंदबुद्धी’ म्हणून बाजूला टाकलेल्या मुलांबरोबर चालले होते. निवडक हुशारांसाठी ही पद्धत जन्मलेलीच नव्हती.

ताराबाईंच्या पुस्तकांची नावेच पाहा: ‘बिचारी बालके’, ‘बालकांचा हट्ट’, ‘बालविकास व शिस्त’. मूल असामान्य करण्याची हमी त्यांत कोठेही नाही. जाब मुलाला नव्हे, मोठ्यांना विचारलेला आहे. (आजचा प्रकाशक ‘बिचारी बालके’ हे नाव स्वीकारील का, याची शंकाच आहे.)

तरीही दादरच्या शिशुविहारात येणारी मुले मध्यमवर्गीय घरांतलीच होती. 1945 च्या डिसेंबरात ताराबाई बोर्डीला गेल्या आणि ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले, तेव्हा या विचाराची खरी परीक्षा झाली. सोबत अनुताई वाघ होत्या. तेराव्या वर्षी लग्न, अवघ्या काही महिन्यांत वैधव्य, मग शिक्षण आणि शिक्षकी, अशी वाट तुडवून आलेल्या अनुताईंचे वय तेव्हा पस्तिशीचे होते. गरीब वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली गेली. अंगणवाडी ही कल्पना येथली. महागड्या साधनांऐवजी शिंपले, गोटे, बिया, पाने आली. 1957 मध्ये संस्था कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या परिसरात गेली. तेथे निराळाच पेच होता. मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन हिंडते, म्हणून ती शाळेत येत नाही. मुलगा गुरांमागे जातो, म्हणून तो येत नाही. तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून ‘विकासवाडी’ उभी राहिली, आणि गुराख्यांसाठी शाळा कुरणात गेली. अनुताईंचे ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे आत्मचरित्र वाङ्मयाच्या इतिहासात स्त्रियांच्या आत्मकथनांच्या यादीत एका ओळीत उरकले जाते. मला ते भावयित्री प्रतिभेचे मराठीतले मोठे उदाहरण वाटते. मूल का येत नाही, हा प्रश्न त्यात मुलाच्या बुद्धीशी जोडलेलाच नाही. तो त्याच्या दिवसाच्या रहाटीशी जोडलेला आहे.

याच्या शेजारी पुण्याची ज्ञानप्रबोधिनी ठेवली पाहिजे. आप्पा पेंडसे यांनी 1962 मध्ये तिची स्थापना केली ती उघडपणे बुद्धिमान मुलांसाठी, त्यांच्या बुद्धीला सामाजिक नेतृत्वाचे वळण देण्यासाठी. निवडीमागे मानसशास्त्रीय कसोट्यांचा गंभीर अभ्यास होता. गिलफर्डने बुद्धीचे एकच माप नाकारून तिचे अनेक घटक मानले होते; त्या प्रतिमानावर प्रबोधिनीत दीर्घकाळ काम झाले. पुढे ही संस्था भूकंपग्रस्त हराळीतही गेली. तेव्हा तिला केवळ शहरी हुशारांची शाळा म्हणणे अन्यायाचे होईल. माझा आक्षेप संस्थेवर नाही, तिच्या बाजारी नकलेवर आहे. निवडलेल्यांनी समाजाचे ऋण फेडावे ही अर्धी अट गळून पडली आणि चाळणी तेवढी उरली. तालुक्याच्या गावोगावी उभ्या राहिलेल्या शिकवणीवर्गांच्या फलकांवर ती चाळणी छायाचित्रांसह झळकत असते.

आता पुन्हा यवतमाळ. केळापूर, झरी-जामणी, मारेगाव या तालुक्यांत कोलामांचे पोड आहेत. त्यांची कोलामी ही द्राविड कुळातली भाषा. तिचा तेलुगू-गोंडीशी जेवढा संबंध, तेवढा मराठीशी नाही. पोडावरचे सहा वर्षांचे मूल पहिलीत बसते तेव्हा फळ्यावर, पुस्तकात आणि गुरुजींच्या तोंडी परकी भाषा असते. ते गप्प राहते. ही गप्प राहण्याची नोंद पुढे ‘मागे आहे’ अशी होते. तांड्यावरून गोरबोली घेऊन आलेल्या मुलाचीही थोडीफार हीच गत. या मुलांपैकी जे कसेबसे पदवीपर्यंत पोहोचतात ते आमच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसतात. कित्येक वर्षे मीही त्यांना अबोलच समजत आलो. एकदा बोलीभाषेच्या घटकासाठी आजीकडून ऐकलेली एक गोष्ट लिहून आणा असे सांगितले, आणि सत्रभर एक शब्द न बोललेल्या एका विद्यार्थिनीने अकरा पाने आणली. डावीकडे तिच्या घरची बोली देवनागरीत, उजवीकडे मराठी. जेथे मराठी शब्द सापडला नाही तेथे तिने जागा कोरी सोडली होती. अशा नऊ जागा होत्या. त्या मला भरता आल्या नाहीत.

11 जानेवारी 2019 रोजी यवतमाळात 92 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन सुरू झाले. उद्घाटक म्हणून बोलावलेल्या लेखिकेचे निमंत्रण ऐनवेळी मागे घेतले गेले, त्यावर महाराष्ट्रभर वाद झाला, आणि अखेर उद्घाटनाला उभ्या राहिल्या त्या कळंब तालुक्यातील राजूरच्या वैशाली येडे, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नी. त्यांच्या या ओळखीचीच चर्चा सर्वत्र झाली. त्या अंगणवाडीत काम करतात, हा तपशील बातम्यांत एखाद्या ओळीपुरता आला. तो मीही वाचून सोडून दिला होता. बोर्डीचे अंगण आणि हा शब्द यांचा संबंध माझ्या ध्यानात आला तो पुढे पुष्कळ दिवसांनी, ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ पुन्हा हाती घेतले तेव्हा.