ज्वारीच्या मुलखातली देग

परभणी जिल्हा ज्वारीचा. गोदावरी आणि पूर्णा जिल्ह्यातून वाहतात, जायकवाडीचं पाणी कालव्यानं शिवारापर्यंत येतं, तरी इथल्या काळ्या भारी जमिनीत भाताची खाचरं शोधावी लागतील. रब्बीची ज्वारी, कापूस, तूर, अलीकडे सोयाबीन, ही इथली पिकं. १९७२ साली स्थापन झालेल्या इथल्या कृषी विद्यापीठानं ज्वारीचे वाण काढले तेही 'परभणी मोती', 'परभणी शक्ती' अशा नावांनी. घरोघरी ताटात भाकरी आधी आणि भात शेवटी, तोही मूठभर. पोटभर भात खायचा तो लग्नाच्या पंगतीत, नाहीतर सणाला. अशा जिल्ह्यात आज स्टेशनच्या रस्त्याला, बसस्टँडच्या आसपास, गंगाखेड-जिंतूर-सेलूच्या चौकांत दुपारी बारा वाजले की बिर्याणीच्या देगेचं झाकण निघतं आणि हमालापासून कॉलेजच्या पोरांपर्यंत सगळे बाकड्यावर खेटून बसतात. हाफ प्लेट चिकन बिर्याणी, बाजूला रस्सा, कांदा, लिंबाची फोड. शंभराच्या नोटेच्या आसपास पोट भरतं.

ही प्लेट इथं आली कशी, असं विचारलं की उत्तर तयार असतं : निजामाच्या काळापासून चालत आलीय. या उत्तरात तथ्य आहे, पण ते अर्धंच आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात खरी गोष्ट आहे.

आधी तथ्य. दख्खनच्या दरबारांशी परभणीचा संबंध निजामाहून जुना. जिल्ह्यातलं पाथरी हे अहमदनगरच्या निजामशाहीचं मूळ गाव. त्या घराण्याचा मूळपुरुष मलिक हसन याचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी होते, असं इतिहासकार फरिश्ता लिहून ठेवतो. पुढे या घराण्यानं वऱ्हाडच्या इमादशाहीशी पाथरीसाठी लढाया केल्या. मग मुघल आले आणि १७२४ साली शेजारच्या बुलढाण्यातल्या साखरखेर्ड्याला निजाम-उल-मुल्कनं मुघल सुभेदार मुबारिझखानाचा पराभव करून दख्खन आपल्या हाताखाली घेतलं. त्याच्या आसफजाही घराण्याची, म्हणजे हैदराबादच्या निजामांची, राजधानी सुरुवातीला औरंगाबाद होती. हैदराबादला ती १७६३ साली गेली. म्हणजे आज जिला आपण 'हैदराबादी' म्हणतो त्या स्वयंपाकाची पहिली चाळीसेक वर्षं मराठवाड्यातल्या चुलीवर गेली आहेत. हैदराबादच्या हॉटेलांपुढे मराठवाड्यानं स्वतःला पाहुणा समजायचं काही कारण नाही.

पण ते अन्न कोणाचं होतं? 'ऐन-ए-अकबरी'त अबुल फझलनं बादशाही मुदपाकखान्यातल्या पदार्थांची मापं दिली आहेत. त्यात दुज्दबिर्यान नावाचा प्रकार आहे : दहा शेर तांदूळ, दहा शेर मांस आणि साडेतीन शेर तूप. तांदळाइतकंच मांस आणि वर इतकं तूप! ज्या मुलखात तांदूळच बाहेरून आणावा लागतो, तिथं हे ताट वाड्याबाहेर रोज निघणं शक्यच नव्हतं. रयतेनं बिर्याणी पाहिली ती लग्नात, नियाजेत आणि उरुसात. परभणीत हजरत सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस दर वर्षी फेब्रुवारीच्या सुरुवातीला भरतो. सगळ्या जातीधर्मांची माणसं त्याला येतात. अशा ठिकाणी मोठ्या देगेतलं अन्न एका रांगेत बसून खायची सवय या भागाला फार जुनी आहे. दुकानातली बिर्याणी याच सवयीवर उभी राहिली. फरक इतकाच की आता माणूस निमंत्रणाशिवाय, स्वतःच्या पैशानं खातो.

घरातल्या स्वयंपाकात मात्र बिर्याणीपेक्षा तहारी मोठी. मराठवाड्यातल्या मुस्लिम घरांत पाहुणा अचानक आला तर तहारीच पडते. कांदा तळायचा, आलं-लसूण, हळद, तिखट, खडा मसाला घालून मटण शिजवून घ्यायचं, त्याच भांड्यात मोजून पाणी आणि भिजवलेला तांदूळ टाकायचा आणि मंद आचेवर सोडून द्यायचं. एक भांडं, एक चूल. मटण कमी असलं तर बटाटा वाढवायचा. मांसाचा सगळा अंश तांदूळ पिऊन घेतो, म्हणून चार तुकड्यांत आठ माणसांना मटणाची चव मिळते. बिर्याणीची शेखी मिरवणारे तहारीला कमी लेखतात. मला ते पटत नाही. जिथं तांदूळ आणि मांस दोन्ही महाग होतं, तिथं या दोघांचं लग्न लावून दिलं ते तहारीनंच. आजही रस्त्यावर बिर्याणीच्या पाटीखाली विकल्या जाणाऱ्या किती तरी देगांत रीत तहारीचीच असते.

खरी कच्च्या गोश्तची बिर्याणी हे वेगळं आणि जोखमीचं काम. कच्चं मटण दही, आलं-लसूण, हिरवी मिरची, पुदिना, तळलेला कांदा आणि मटण नरम पडावं म्हणून कच्ची पपई लावून मुरवतात आणि ते तसंच देगेच्या बुडाशी अंथरतात. शेजारी मिठाच्या पाण्यात तांदूळ उकळत असतो. बावर्ची एक दाणा चिमटीत दाबतो आणि आत किती कणी उरली ते बघतो. दोन कणीचा तांदूळ खालच्या थराला, एक कणीचा वरच्या. खालच्या भाताला मटणाची वाफ जास्त मिळणार म्हणून तो कच्चा, वरचा जवळजवळ शिजलेला. मग झाकणाची कड कणकेनं बंद करायची, खाली आच, वर निखारे : हाच दम. त्यानंतर आत काय चाललंय ते दिसत नाही. झाकण उघडून बघायची सोय नाही, मीठ वाढवायची सोय नाही. बावर्ची देगेच्या अंगाला कान लावतो, वाफेचा वास घेतो आणि ठरवतो. मटण कच्चं राहिलं तर लग्नघरात त्याची अब्रू गेली. हे काम ज्यांच्या हातात होतं ती माणसं जहागीरदारांच्या वाड्यांवर आणि लग्नांच्या हंगामावर जगत होती.

इथं एका लांबच्या मुलखाची गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती याच वळणानं गेली आहे. चीनच्या दक्षिणेला हायनान नावाचं बेट आहे. तिथल्या वनचांग गावची कोंबडी प्रसिद्ध. सिंगापूरला हायनानी लोक इतर चिन्यांच्या मागाहून पोचले, तोवर व्यापारउदीम दुसऱ्यांनी वाटून घेतला होता. त्यांच्या वाट्याला आला इंग्रज साहेबांच्या आणि धनिक पेरानाकान कुटुंबांच्या घरचा स्वयंपाक, जहाजांवरची आणि हॉटेलांतली चाकरी. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५, सिंगापूर जपान्यांच्या ताब्यात होतं. साहेबांची घरं मोडली आणि आचारी रस्त्यावर आले. मिडल रोडच्या परिसरात त्यांनी कॉफीची आणि जेवणाची दुकानं काढली. त्यातलंच मो ली त्वी यांचं 'स्वी की' हे भोजनगृह १९९७ पर्यंत चाललं आणि त्याच्या नावानं हायनानी चिकन राइस घराघरांत पोचला. अख्खी कोंबडी उकळीच्या किंचित खाली ठेवलेल्या पाण्यात शिजवायची. तिचीच चरबी वितळवून त्यात आलं-लसूण परतायचं, त्यावर तांदूळ परतायचा आणि कोंबडीच्याच पाण्यात तो शिजवायचा. सोबत मिरची-आल्याची चटणी आणि काकडीचे काप. कोंबडीचा एक थेंबही वाया जात नाही. आपली तहारी ज्या तत्त्वावर उभी आहे, तेच इथंही : थोड्या मांसाची चव भरपूर भाताला द्यायची.

साहेबाचं घर गेलं म्हणून आचाऱ्याचं हॉटेल झालं. हैदराबाद संस्थानातही तसंच घडत गेलं. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात विलीन झालं, १९४९ साली जहागिरी रद्द झाल्या. वाड्यांचे मुदपाकखाने आक्रसले. ज्याच्या हातात देग होती त्याला आता वाड्याऐवजी बाजाराकडे बघणं भाग होतं. हैदराबाद-सिकंदराबादेत बिर्याणीची नावाजलेली हॉटेलं याच सुमाराची; 'पॅरडाइज' १९५३ सालचं. परभणीला या बाजाराची वाट रेल्वेनं आधीच घालून दिली होती. मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणारी मीटरगेज लाइन विसावं शतक उजाडतानाच पुरी झाली होती. परभणी आणि पूर्णा ही त्या वाटेवरची जंक्शनं. गाडी बदलणारा प्रवासी, मालधक्क्यावरचा हमाल, रात्रपाळीचा रेल्वे कामगार यांना चटकन वाढलं जाणारं आणि पोटात टिकणारं जेवण हवं असतं. आधीच शिजवून ठेवलेली देग यासाठी बनवल्यासारखी आहे. ताटात काढायला अर्धा मिनिट पुरतो.

तरीही या सगळ्यानं बिर्याणी स्वस्त झाली नव्हती. मटणाची बिर्याणी कधीच रोजचं अन्न होऊ शकली नसती. ती झाली कोंबडीमुळे, आणि इथं निजामाचं श्रेय संपतं. गावरान कोंबडी कापण्याजोगी व्हायला पाच-सहा महिने लागतात. १९७१ साली बी. व्ही. राव यांनी हैदराबादेत वेंकटेश्वरा हॅचरीज काढली. पुढे या उद्योगाचं बस्तान पुण्यात बसलं आणि ब्रॉयलर कोंबडी तालुक्या-तालुक्यात पोचली. सहा आठवड्यांत दोन किलोच्या आसपास भरणारा पक्षी! पाव किलो मटणाच्या पैशात जवळजवळ किलोभर चिकन येऊ लागलं. बावर्चीच्या कामातही उलथापालथ झाली. कोवळ्या ब्रॉयलरला पपई लागत नाही, रात्रभर मुरवावं लागत नाही, अर्ध्या तासाच्या दमात तो शिजतो. लाकूड वाचलं, वेळ वाचला आणि मटण कच्चं राहण्याची जी धास्ती होती तीही गेली. जे काम फक्त उस्तादाला जमायचं ते हुशार शागिर्दाला जमू लागलं. एका उस्तादाच्या हाताखालून निघालेल्या पोरांनी मग चौकाचौकात आपापली देग मांडली. तांब्याची कल्हईची देग महाग, म्हणून ती जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, झाली.

दुसरा वाटा तांदळाचा. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं २००३ साली पुसा ११२१ हा वाण दिला. शिजल्यावर त्याचा दाणा वीस मिलिमीटरच्या पुढे लांबतो. या वाणाचा सेला, म्हणजे साळ भिजवून, वाफवून, वाळवून मग सडलेला तांदूळ, बिर्याणीवाल्यांनी उचलून धरला. वाफवलेला दाणा टणक होतो. घाईघाईनं झारा फिरला तरी मोडत नाही, दोन-तीन तास देगेत राहिला तरी गिच्चा होत नाही. साध्या बासमतीला सेल्याहून वास जास्त, हे खरंच. पण दुपारी बाराला उघडलेली देग तीन वाजताही मोकळी हवी, तर सेल्याला तोड नाही. पंजाब-हरियाणातला हा तांदूळ मोंढ्यात पोत्यानं येतो आणि ज्वारीच्या मुलखातला माणूस तो खातो.

आता दुकानात वाढणाऱ्याचा हात बघा. तो देगेत वरून डाव मारत नाही. हातात एक बशी असते. ती कडेनं सरळ खाली उतरवतो आणि थर न मोडता उचलतो, म्हणजे पांढरा, केशरी आणि मसाल्याचा भात एकाच वेळी ताटात पडतो. वरवर ओढलं तर पहिल्या दहा गिऱ्हाइकांना नुसता पांढरा भात आणि शेवटच्या दहांना मसाल्याचा चिखल. ताट समोर आलं की इथलं गिऱ्हाईक ठरलेलं बोलतं : "मामू, पीस जरा बघून टाका." मामू पीस बदलून देतात किंवा नुसते हसतात. ज्याच्याकडे पैसे कमी त्याला पीसशिवाय नुसता भात आणि रस्सा मिळतो, आणि त्या भातातही कोंबडी असतेच, चवीनं. मला या दुकानांची सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते. अकबराच्या दहा शेरांना दहा शेर या हिशेबात कमी पैशाच्या माणसाला जागा नव्हती, इथं आहे. श्रावणात निम्मी गिऱ्हाइकं थांबतात, देग लहान लागते. भाद्रपदात गणपती उठले की पुन्हा पहिल्यासारखी.

जे कोंबडीच्या जोरावर उभं राहिलं ते कोंबडीबरोबर डगमगतंही. जानेवारी २०२१ मध्ये परभणी तालुक्यातल्या मुरुंबा गावात एका पोल्ट्रीतल्या सुमारे ८०० कोंबड्या दोन दिवसांत मेल्या आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला. त्या लाटेत महाराष्ट्रात पहिल्यांदा नाव आलं ते परभणीचं. गावाच्या परिसरात कोंबड्यांची विक्री आणि वाहतूक बंद झाली, पक्षी मारून पुरावे लागले. सत्तर अंशांच्या वर नीट शिजलेल्या मांसात हा विषाणू टिकत नाही, हे सरकार सांगत होतं आणि दमाच्या देगेत उष्णता त्याच्या बरीच वर जाते. पण भीती वाटलेल्या माणसाला अंश सांगून उपयोग नसतो. दीड वर्षानं, १ जून २०२२ ला, मलेशियानं कोंबड्यांची निर्यात थांबवली तेव्हा सिंगापुरात हीच कळ उमटली. तिथली सुमारे एक तृतीयांश कोंबडी मलेशियातून यायची. चिकन राइसवाले गोठवलेल्या कोंबडीवर काम भागवू लागले, काहींनी दुकानं तात्पुरती बंद ठेवली.

परभणीतल्या बावर्च्यांनी त्या वर्षांतही एक वाट उघडी ठेवली होती, कारण ती त्यांना घरातूनच ठाऊक होती. चिकन नसेल तर मटण, मटण परवडत नसेल तर अंडी, तेही नको असेल तर बटाटा आणि मटार घालून त्याच मसाल्यात, त्याच दमावर भात लावायचा. तहारीची रीत अशा वेळी कामी येते.