बुरुड राजाच्या कोटापासून भुईगावपर्यंत

आपली सोसायटी उभी राहिली तेव्हा आपण सगळेच इथे नवखे होतो. कोणी लालबाग-परळची खोली विकून आलेले, कोणी रत्नागिरी-सिंधुदुर्गातले, कोणी साताऱ्याकडचे, तर काही कुटुंबे गुजरातेतली. "गाव कुठलं?" असे कोणी विचारले की आजही आपण दुसरीकडचेच नाव सांगतो. मुलांचे तसे नाही. ती इथेच जन्मली, इथेच वाढली. पण कॉलेजात कोणी विचारले तर त्यांतली काही नालासोपारा म्हणायला कचरतात आणि "वसईच्या बाजूला" असे म्हणून वेळ मारून नेतात.

मागच्या गणपतीत बी विंगमधल्या एका मुलीने मला विचारले, "काका, आपल्या इकडे बघण्यासारखं काय आहे?" मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. तरी उत्तर देताना अडखळलो, कारण इतक्या वर्षांत सोपाऱ्याच्या स्तूपावर मी एकदाच गेलो होतो आणि तेही पाहुण्यांना दाखवायला. तेव्हाच ठरवले की रौप्यमहोत्सवी वर्षात एकदा सगळ्यांनी मिळून पायी फिरायचे. जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही १९ जण गेटपाशी जमलो. सर्वात लहान सात वर्षांचा, सर्वात मोठा मी.

आपल्या स्टेशनचे नाव नाळे आणि सोपारा या दोन गावांवरून पडले. त्यातला सोपारा म्हणजे जुने शूर्पारक. महाभारतात ते तीर्थ म्हणून येते, बौद्ध कथांत बंदर म्हणून. सुमारे २००० वर्षांपूर्वी एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली, तिला 'पेरिप्लस' म्हणतात. तिच्यात भडोचनंतर खाली येताना सोपाऱ्याचे नाव आहे आणि त्याच्यापाठोपाठ कल्याणचे. पुढे दहाव्या शतकात अरब प्रवासी अल-मसुदी याच ठिकाणाला 'सुबारा' म्हणतो. म्हणजे हजार वर्षे हे गाव दर्यावर्दी लोकांच्या तोंडी होते. नंतर खाडी गाळाने भरत गेली, मोठी जहाजे आत येईनाशी झाली आणि व्यापार दुसरीकडे गेला.

आमचा पहिला मुक्काम बुरुड राजाचा कोट. पिढ्यान्‌पिढ्या गावकरी या टेकाडाला याच नावाने ओळखत. इथे बुरुड जातीचा एक राजा होऊन गेला आणि हा त्याचा किल्ला, अशी समजूत होती. मला यात एक गंमत दिसते. 'शूर्प' म्हणजे सूप, आणि सूप विणतो तो बुरुड. शूर्पारक हे नाव लोक विसरले तरी त्यातले सूप या गोष्टीत शिल्लक राहिले असेल का? हा माझा केवळ तर्क आहे. तो खरा-खोटा ठरवण्याचे काम तुम्ही करा.

प्रत्यक्षात तो किल्ला नव्हता. १८८२ च्या एप्रिलमध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी टेकाड मधोमध खणले. आत विटांची चौकोनी कोठी लागली आणि कोठीत दगडाचा गोल करंडक. त्याच्या मधोमध तांब्याची डबी होती आणि तिच्याभोवती बुद्धांच्या आठ लहान मूर्ती बसवलेल्या होत्या. तांब्याच्या डबीत चांदीची, तिच्या आत दगडाची, त्यात स्फटिकाची आणि सर्वात आत सोन्याची. सोन्याच्या डबीत मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे होते. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे अवशेष म्हणून श्रद्धेने ठेवलेले असावेत, असे भगवानलालांचे मत झाले. शिवाय सोन्याची फुले होती आणि सातवाहन राजा यज्ञ सातकर्णी याचे चांदीचे नाणे होते. नाणे दुसऱ्या शतकाच्या सुमाराचे आहे आणि मूर्ती त्यानंतर कित्येक शतकांच्या. त्याचा अर्थ असा, की मधल्या काळात कोणीतरी स्तूप उघडून त्यात मूर्ती ठेवल्या आणि तो पुन्हा नीट बंद केला. या वस्तू आता मुंबईत एशियाटिक सोसायटीकडे, म्हणजे टाउन हॉलमध्ये आहेत.

मुले पाहताक्षणी हिरमुसली. "एवढंच? मातीचा ढीगच तर आहे." नुकतेच इटलीला जाऊन आलेले आपल्या सी विंगमधले एक जोडपे बरोबर होते. ते म्हणाले, "आम्ही तिकडे दोन दिवस चाललो ते असेच ढीग बघायला." रोमच्या उत्तरेला एट्रुस्कन नावाचे लोक राहत. रोम मोठे होण्याच्या आधी ते त्या भागात बलवान होते. त्यांची घरे कच्च्या विटांची आणि लाकडाची, म्हणून ती गेली. मऊ दगडात खोदलेल्या आणि वर मातीचे गोल उंचवटे रचलेल्या कबरी तेवढ्या राहिल्या. चेर्वेतेरी आणि तार्क्विनिया इथल्या या कबरी २००४ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेल्या. डोंगरात खोल कापलेल्या त्यांच्या जुन्या वाटांवरून आजही लोक हौसेने पायी हिंडतात. सोपाऱ्यातही तसेच झाले. व्यापाऱ्यांची घरे, वखारी, धक्के सगळे गेले. श्रद्धेने बांधलेला हा उंचवटा तेवढा मागे राहिला.

आणि इथल्या माणसांची नावे? ती दूरच्या दगडांवर सापडतात. कार्ल्याच्या चैत्यगृहातला एक खांब सोपाऱ्याहून आलेल्या सातिमित नावाच्या भिक्षूचे दान आहे. तो भाणक होता, म्हणजे धर्मग्रंथ मुखोद्गत करून म्हणणारा. नाशिकच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात आपली दानधर्माची कामे सांगतो. त्यात सोपाऱ्यात प्रवाशांसाठी बांधलेल्या धर्मशाळेचा उल्लेख आहे आणि डहाणूच्या नदीवर फुकट नाव चालवल्याचाही. बौद्ध कथांतला पूर्ण इथल्याच एका व्यापाऱ्याला दासीपासून झालेला मुलगा. तो समुद्रावर व्यापार करून मोठा झाला आणि शेवटी भिक्षू झाला. परक्याला उतरायला जागा देणे ही या गावाची जुनी रीत होती. आपल्याला मिळालेली जागा त्याच रीतीतली समजायला हरकत नाही.

तिथून आम्ही चक्रेश्वराच्या तळ्यावर गेलो. देवळापाशी ब्रह्मदेवाची उभी मूर्ती आहे. पारावर बसून पोहे खाता खाता मी मुलांना अशोकाच्या दगडाची हकिकत सांगितली.

स्तूप खणला त्याच वर्षी भगवानलालांना सोपाऱ्यातच भातेला तळ्याजवळ काळ्या दगडाचा एक तुटका तुकडा मिळाला. त्यावर ब्राह्मी लिपीतले मोजकेच शब्द होते. भगवानलाल जुनागढचे. गिरनारच्या पायथ्याशी अशोकाचा जो मोठा लेख आहे, तो लहानपणी पुन्हा पुन्हा पाहूनच ते ब्राह्मी शिकले होते. त्यामुळे त्या थोड्या शब्दांवरून त्यांनी ओळखले, की हा अशोकाच्या चौदा लेखांपैकी आठवा.

हा आठवा लेख प्रवासाबद्दल आहे. अशोक सांगतो, की पूर्वीचे राजे बाहेर पडत ते शिकारीसाठी आणि मौजेसाठी. आपण मात्र राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर बोधगयेला गेलो आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू झाल्या. या यात्रांत काय करायचे? ब्राह्मण आणि श्रमणांना भेटायचे, वृद्धांना भेटायचे, दान द्यायचे, आणि खेड्यापाड्यातल्या लोकांना भेटून त्यांच्याशी धर्माविषयी बोलायचे. ही शेवटची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सम्राट माणूस, त्याने लोकांना दरबारात बोलवायचे, तर तो स्वतः त्यांच्याकडे जातो आणि ते दगडावर कोरून ठेवतो. तो दगड आपल्या घरापासून अर्ध्या तासाच्या अंतरावर पडलेला होता.

हे सांगून उठलो आणि गासच्या रस्त्याने निर्मळकडे निघालो. इमारती मागे पडल्या. नारळ, केळी, पानवेली आणि भाजीचे वाफे सुरू झाले. एका वाडीच्या कुंपणातून हाक आली, "अहो सर, इकडे कुठे?" पाहतो तर आपल्या गेटवर रोज सकाळी टोपली घेऊन बसणाऱ्या भाजीवाल्या मावशी! इतकी वर्षे आपण त्यांच्याकडून माठ, वाल, केळी घेतो, दोन रुपयांसाठी घासाघीस करतो. त्या कुठून येतात, हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हते. त्यांच्या घरात कादोडी बोली बोलतात, हेही तेव्हाच कळले.

मावशींनी आम्हाला बावखल दाखवले. बावखल म्हणजे वाडीत खोदलेले गोड्या पाण्याचे तळे. त्यात पावसाचे पाणी साठते, जमिनीत मुरते आणि समुद्राकडून आत सरकणाऱ्या खाऱ्या पाण्याला थोपवून धरते. त्याच्यावर आसपासच्या विहिरी जगतात. पूर्वी त्यावर रहाट होते, आता पंप आहेत. मुलांना बेडूक दिसले, त्यामुळे ती तिथून हलेनात.

मग मावशी सहज म्हणाल्या, "तुमची बिल्डिंग नवी होती ना, तेव्हा तुमच्याकडं टँकर यायचे. ते पाणी आमच्याच गावांच्या विहिरींतलं. आमच्या दोन विहिरी तेव्हापासून मचूळ झाल्या त्या झाल्याच."

कोणी काही बोलले नाही. सूर्या धरणाचे पाणी येण्याआधीचे ते दिवस आपल्याला आठवतात. रात्री अकराला टँकर यायचा आणि आपण बादल्या घेऊन धावायचो. टँकर उशिरा आला म्हणून आपण भांडलो, पण पाणी कोणाच्या विहिरीतले, हे विचारले नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीचे आंदोलन चालू होते, तेव्हा त्याच्या बातम्या आपण गाडीत वाचल्या आणि "गावातलं राजकारण" म्हणून पान उलटले. निदान मी तरी उलटले. आपण जिथे राहतो तिथे भातखाचरे होती आणि पावसाचे पाणी तिथे थांबायचे, हेही मावशींनीच सांगितले. २०१८ च्या जुलैत आपल्या पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी का तुंबले, ते मला त्या दिवशी समजले.

निर्मळला तळ्याकाठी शंकराचार्यांचे मंदिर पाहिले. इथे कार्तिकात मोठी जत्रा भरते. तिथून पुढे भुईगाव. चालून चालून पाय बोलू लागले होते, पण मला तिथे थांबायचेच होते. १९५६ मध्ये याच भुईगावात अशोकाच्या नवव्या लेखाचा तुकडा सापडला. आता दोन्ही तुकडे मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत.

नववा लेख घरातल्या गोष्टी बोलतो. आजारपण, लग्न, मूल होणे, प्रवासाला निघणे अशा वेळी लोक नाना विधी करतात. करावेत, पण त्यांचे फळ थोडे, असे अशोक म्हणतो. खरे मंगल कशात आहे? दास आणि नोकरांशी नीट वागण्यात, वडीलधाऱ्यांचा मान ठेवण्यात, प्राण्यांना न छळण्यात, दान देण्यात. आपला वॉचमन, आपल्या घरी काम करणाऱ्या ताई, आपल्या मावशी, सगळे त्यात आले. नारळपाणी पिता पिता मी हे सांगत होतो, तेव्हा बी विंगमधली तीच मुलगी म्हणाली, "काका, मावशींचं नाव काय? आपण विचारलंच नाही." तिचे खरे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतः गेटवर जाऊन विचारून आली.

परत येताना बसमध्ये सगळे पेंगत होते, पण तीन गोष्टी ठरल्या, त्या इथे लिहून ठेवतो. दर जानेवारीला ही पायी फेरी काढायची. मुलांना एकदा मुंबईला नेऊन करंडक आणि ते दोन दगड दाखवायचे. आणि गच्चीवरचे पावसाचे पाणी जमिनीत मुरवण्याची योजना, जी पाच वर्षे आपण एजीएममध्ये पुढे ढकलतो आहोत, ती या वर्षी मंजूर करायची. विहिरींतून जे घेतले ते सगळे परत करता येणार नाही, थोडे तरी करू.

पुढच्या फेरीला गेटवर सकाळी साडेसहा. पायात चांगले बूट, डोक्याला टोपी आणि पाण्याची बाटली घरून भरून आणा.