हेल्मेटमधला म्युलर

नागपूरला जुन्या वस्तू विकणाऱ्या एका म्हाताऱ्याकडून घेतलेलं जर्मन हेल्मेट मी एसटीत मांडीवर ठेवून यवतमाळला आणलं. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "जाड घमेलं हाये बापा!"

विक्रेत्याने सोबत इटलीच्या लढाईची गोष्टही दिली होती. गोष्टीवर मी विश्वास ठेवत नाही, लोखंडावर ठेवतो. १९३५च्या हेल्मेटच्या हवेच्या भोकांत वेगळी कडी बसवलेली असते, १९४०च्या मॉडेलमध्ये भोक पत्र्यातच ठोकून काढलेलं. १९४२पासून खर्च वाचवायला काठ आत दुमडणंही बंद झालं. माझ्या हेल्मेटचा काठ दुमडलेला आहे, भोकं पत्र्यातली, म्हणजे ते १९४०च्या घडणीचं. आत डावीकडे 'ईटी ६४' असा ठसा आहे: थाले गावचा कारखाना आणि कवचाचं माप. आतल्या अस्तराला चामड्याच्या आठ जिभा. त्यातल्या एकीवर पुसट शाईत आडनाव: म्युलर.

नाव सापडलं म्हणून मी नाचलोच. पण म्युलर हे जर्मनीतलं सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव! युद्धात मेलेल्या जर्मन सैनिकांच्या कबरी ऑनलाइन शोधता येतात. सैनिकांच्या बिल्ल्यांच्या आणि मृत्यूच्या नोंदी ठेवणारी बर्लिनची कचेरी १९३९ची, तिचं दप्तर २०१९पासून तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. मात्र पहिलं नाव आणि जन्मतारीख नसेल, तर नुसत्या म्युलरचा माग लागत नाही. तीन आठवडे रात्री जागून मी हेच करत होतो.

आजीने हेल्मेट हातात घेतलं, आत पाहिलं. "याची घरी कोणी वाट पायत असन का रे?" मग जरा थांबून, "माह्या मामाचं पा ना कधी. पलटनीत गेला, तो आलाच नाही."

मला शरम वाटली.

इटलीत म्युलरसारख्यांच्या समोर आपलेही लोक होते. १० जुलै १९४४ला मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीतले बाकी सगळे मेले किंवा जखमी झाले. ते एकटे मशीनगनवर धावून गेले आणि ती बंद पाडून तिथेच मारले गेले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पण त्यांची कबर माहीत नाही, कासिनोच्या स्मारकावर नाव आहे. इतका नावाजलेला माणूस, त्याचं हे. मग आजीच्या मामाचं काय?

राष्ट्रकुलच्या युद्धमृतांची यादी मोबाइलवर उघडता येते. कितीतरी भारतीय नोंदींत बापाचं नाव, गाव, जिल्हाही असतो. मी 'यवतमाळ' आजच्या स्पेलिंगने टाकलं, हाती काही लागलं नाही. नंतर लक्षात आलं, इंग्रजांच्या कागदांत आपला जिल्हा वाय, ई, ओ असा सुरू होतो. आडनावाचंही तसंच, कारकुनाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलेलं.

"आजी, मामाचं खरं नाव काय गं?"

ती बराच वेळ आढ्याकडे पाहत राहिली. "आमी तं मामाच म्हनो."

दारव्ह्याला तिची धाकटी बहीण असते. उद्या तिला फोन करायचा आहे. हेल्मेट कपाटावर ठेवलंय, पालथं.