मनगटाची किंमत

'हातच्या कांकणाला आरसा कशाला?' असें आपण सहज म्हणतों. जें डोळ्यांना दिसतें त्याला पुरावा नको, हा या म्हणीचा अर्थ. परंतु ज्या मनगटावर तें कांकण चढतें तें आंतून निकामी झालें असेल, तर त्यासाठीं वैद्य, साक्षीदार, वकील आणि न्यायाधीश हे सर्व लागतात. युद्धांत हात गमावलेल्या, किंवा हात शाबूत राहूनही त्यांतील शक्ति गमावलेल्या शिपायांनीं अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सरकारापुढें जे दावे मांडले, त्यांचा इतिहास जवळजवळ अडीचशें वर्षांचा आहे. ज्याचें हातावर पोट आहे त्याच्या हाताची किंमत कोणीं ठरवावी, आणि ती चुकीची ठरली तर त्यानें कोणाकडे दाद मागावी, हा या इतिहासांतील मुख्य प्रश्न होय.

अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघून दोन महिनेही झाले नव्हते, तोंच २६ ऑगस्ट १७७६ रोजीं तेथील काँग्रेसनें ठराव केला कीं, लढाईंत ज्याचा अवयव जाईल किंवा जो उपजीविका करण्यास असमर्थ होईल, त्यास निम्मा पगार मिळावा. पण काँग्रेसपाशीं स्वतःचा खजिना नव्हता. पैसे देण्याचा भार निरनिराळ्या संस्थानांवर पडला. पुढें १७९२ सालीं जखमी शिपायांचे अर्ज तपासण्याचें काम कायद्यानें न्यायाधीशांकडे सोंपविलें. न्यायाधीशांनीं शिपायाची जखम पाहून मत द्यावें, आणि युद्धमंत्र्यास तें पटलें नाहीं तर त्यानें नांव अडवून ठेवावें, अशी ती योजना होती. यावर अनेक न्यायाधीशांनीं हरकत घेतली. न्यायालयाचा निकाल मंत्र्याच्या मर्जीवर टांगलेला असेल तर तो निकाल कसला, असा त्यांचा सवाल होता. कांहींनीं दयाबुद्धीनें, न्यायाधीश म्हणून नव्हे तर केवळ पंच म्हणून, अर्ज तपासले. पेनसिल्व्हेनियांतील न्यायाधीशांनीं मात्र हेबर्न नांवाच्या शिपायाचा अर्ज हातीं घेण्यासच नकार दिला. तें प्रकरण वरिष्ठ न्यायालयांत निकालावांचून पडून असतांना १७९३ सालीं कायदाच बदलण्यांत आला. न्यायाधीशांचें तत्त्व खरें होतें, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु त्यानंतर दीर्घ काळ पेन्शनीचा निर्णय कचेरीच्याच हातीं राहिला, हें विसरतां येत नाहीं.

यादवी युद्धानें (१८६१–६५) हा प्रश्न घरोघरीं नेला. १८६२ च्या कायद्यानें पूर्ण असमर्थ झालेल्या साध्या शिपायास दरमहा ८ डॉलर मिळूं लागले, आणि असमर्थतेचें माप ठरलें तें अंगमेहनतीचें. दोन्ही हात गेलेल्यास १८६४ सालीं २५ डॉलर आणि एक हात गेलेल्यास १८६६ सालीं १५ डॉलर ठरले; एका हाताची ही रक्कम १८८६ सालीं ३० वर आणि १९०३ सालीं ४० वर गेली. याच सुमारास न्यूयॉर्कच्या विल्यम ओलंड बोर्न या संपादकानें उजवा हात गमावलेल्या सैनिकांसाठीं डाव्या हातानें लिहिण्याची एक स्पर्धा ठेवली व एकंदर १,००० डॉलरचीं बक्षिसें लावलीं. शेतीचें काम गेलेल्या माणसास निदान कारकुनी मिळावी, हा त्याचा हेतु. सैनिकांनीं डाव्या हातानें लिहिलेले ते कागद अद्याप जतन करून ठेवलेले आहेत.

तुटलेला हात दिसतो. म्हणून त्याची रक्कम कायद्यांत लिहितां आली. ताठरलेलें मनगट, वळत नसलेलीं बोटें, मूठ आवळतांना उठणारी कळ यांचें काय करावें? त्यांसाठीं गांवोगांव तपासणी करणाऱ्या डॉक्टरांचीं मंडळें बसलीं, आणि १८७२ नंतर १८ डॉलर हें पूर्ण माप धरून त्याच्या अठरांशांत शिपायाचें दुःख मोजण्याची रीत पडली. अमक्याचें मनगट सहा अठरांश, तमक्याचें चार! जेथें अपूर्णांक आला तेथें तंटा आलाच. तंट्याची दाद पेन्शन कमिशनरकडून अंतर्गत खात्याच्या मंत्र्यापर्यंत जाई. तेथेंही निराशा झाली तर आपल्या प्रतिनिधीकरवीं काँग्रेसमध्यें एका माणसापुरता कायदा करून घेण्याची वाट होती. पण अध्यक्ष क्लीव्हलंड यांनीं आपल्या पहिल्या कारकीर्दींत असले दोनशेंहून अधिक कायदे नाकारले. आणखी एक अडचण होती. दलालांनीं शिपायांस लुबाडूं नये म्हणून वकिलाची फी १८६४ सालीं १० डॉलरवर बांधण्यांत आली. हेतु निर्मळ; परंतु हा आंकडा १९८८ पर्यंत तसाच राहिल्यामुळें शिपायास लुबाडणारा जसा दूर राहिला, तसाच त्याच्यासाठीं भांडणाराही दूर राहिला.

पहिल्या महायुद्धानंतर अठरांश जाऊन शेंकडेवारी आली. १९३३ सालीं मंदीच्या कडाक्यांत काटकसरीचा कायदा झाला व खात्याच्या निर्णयाविरुद्ध न्यायालयाचें दार बंद झालें. त्याच वर्षीं २८ जुलै रोजीं अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या हुकुमानें माजी सैनिकांचें अपील मंडळ स्थापन झालें. परंतु तें मंडळ त्याच खात्याच्या छपराखालीं होतें. ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच घरीं न्याय, अशी ही स्थिति पंचावन्न वर्षें चालली. १९८८ च्या कायद्यानें अखेर स्वतंत्र न्यायालय निर्माण केलें. १७९२ च्या न्यायाधीशांनीं जें मागितलें होतें, म्हणजे मंत्र्यास फिरवितां न येणारा निकाल, तें शिपायाच्या पदरांत पडावयास जवळजवळ दोन शतकें लागलीं.

या न्यायालयाचा उपयोग काय, हें मनगटाच्याच उदाहरणानें पाहूं. खात्याच्या कोष्टकाप्रमाणें निरोगी मनगट मागें ७० अंश व पुढें ८० अंश वळतें. मागें वळणें १५ अंशांहून कमी झालें तर असमर्थता शेंकडा १० धरतात. मनगट सोयीच्या स्थितींत कायमचें ताठरलें तर ज्या हातानें माणूस मुख्यतः काम करतो त्यास ३०, दुसऱ्यास २०. आणि हात अगदींच निरुपयोगी झाला तर अनुक्रमें ७० व ६०. कोष्टक नेटकें आहे; पण कोनमापकाला कळ समजत नाहीं. डॉक्टरांच्या खोलींत एकदां वीस अंश वळलेलें मनगट दिवसभर हातोडा मारल्यावर संध्याकाळीं दाराची कडीही काढूं शकत नसेल! १९९५ सालीं एका खांद्याच्या दाव्यांत या न्यायालयानें सांगितलें कीं, नुसता कोन मोजून भागणार नाहीं. वेदना, अशक्तपणा आणि वापरानें येणारा थकवा यांमुळें किती काम बुडतें, हेंही तपासणाऱ्यानें नोंदलें पाहिजे. तेव्हांपासून मनगटाच्या व बोटांच्या अपिलांतही हाच मुद्दा पुनःपुन्हां येतो. शिवाय, दोन्ही बाजूंचा पुरावा समतोल असेल तर संशयाचा फायदा शिपायास द्यावा, असा कायदा आहे. हा नियम कागदावर गोड दिसतो. तो पाळला गेला कीं नाहीं हें विचारणारा त्रयस्थ मिळाला, तेव्हांच त्याला जीव आला.

अपिलें वर्षानुवर्षें तुंबून राहतात ही तक्रार वाढल्यावरून २०१७ सालीं नवा कायदा झाला, व १९ फेब्रुवारी २०१९ पासून तीन वाटा खुल्या झाल्या: वरिष्ठ अधिकाऱ्याकडून फेरतपासणी, नव्या पुराव्यानिशीं पुरवणी दावा, किंवा थेट अपील मंडळ. वाटा वाढल्या हें चांगलेंच. परंतु म्हाताऱ्या शिपायाच्या दृष्टीनें वाटेची लांबी हीच खरी गोष्ट असते.

या सर्व इतिहासावरून आम्हांस एवढेंच दिसतें कीं, हाताची किंमत ठरविण्यांत कोणतेंही सरकार केव्हां ना केव्हां चुकणारच; आठ डॉलरही चुकले, अठरांशही चुकले, अंशही चुकतात. राज्याच्या प्रामाणिकपणाची कसोटी कोष्टकाच्या अचूकपणांत नसून, चुकलें असें म्हणणाऱ्या माणसाचें ऐकून घेणारा कोणी निराळा बसविला आहे कीं नाहीं, यांत आहे. ज्यानें राज्यासाठीं हातांत शस्त्र धरलें, त्याला आपल्या दुखऱ्या मनगटासाठीं आरसा शोधीत दारोदार फिरावें लागूं नये.